श्वसन व्यायाम व शिथिलन, चिरकारी फुप्फुसविकारांतील

फुप्फुसांच्या चिरकारी (दीर्घकाल टिकणाऱ्या) विकारांत रुग्णास लागणारी धाप कमी व्हावी, श्वासोच्छ्वासाचे श्रम घटावेत व दैनंदिन व्यवहार त्याला पुन्हा करता यावेत, या हेतूने शिकविल्या जाणाऱ्या श्वसनाच्या विशिष्ट पद्धतींना श्वसन व्यायाम म्हणतात. स्नायूंवरील अनावश्यक ताण जाणीवपूर्वक काढून टाकण्याच्या क्रियेस शिथिलन अशी संज्ञा आहे. ताठरलेल्या शरीरात श्वास संथ होत नाही आणि श्वास संथ झाल्याखेरीज शरीराचा ताण उतरत नाही, म्हणून हे दोन्ही उपाय बहुधा एकत्रच शिकवितात. या उपायांनी फुप्फुसांतील नष्ट झालेली ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे म्हणजे पेशींचे समूह) पुन्हा निर्माण होत नाहीत, तसेच अरुंद झालेल्या श्वासनलिका कायमच्या रुंद होत नाहीत. शिल्लक राहिलेल्या क्षमतेचा काटकसरीने उपयोग करण्यास शिकविणे, हे त्यांचे खरे प्रयोजन होय.

विकारांचे स्वरूप : श्वसन व्यायाम ठरविताना प्रथम विकाराचा प्रकार पाहावा लागतो. स्थूलमानाने तीन गट करता येतात. (१) अवरोधी विकार : यांत श्वासनलिका अरुंद झाल्याने हवेच्या वहनास, विशेषतः ती बाहेर पडण्यास, अडथळा होतो. चिरकारी श्वासनलिकादाह आणि वातस्फीती (वायुकोशांच्या भित्ती नष्ट होऊन ते फुगणे) हे विकार पुष्कळदा एकाच रुग्णात आढळत असल्याने त्यांना मिळून चिरकारी अवरोधी फुप्फुसविकार (सीओपीडी) म्हणतात. दम्यातील अवरोध कमीजास्त होत असतो; या विकारातील अवरोध मात्र पूर्णपणे दूर होत नाही. (२) संकोची विकार : यांत फुप्फुसे ताठर व आकुंचित होतात. फुप्फुसांचे तंत्वीभवन (लवचिक ऊतकाच्या जागी व्रणासारखे तंतुमय ऊतक तयार होणे) आणि दगडाच्या धुळीमुळे होणारा सिलिकोसिस ही याची उदाहरणे होत. (३) कफप्रधान विकार : श्वासनलिका-विस्फारात श्वासनलिका कायमच्या रुंद व पिशवीसारख्या होऊन त्यांत कफ साचतो. क्षयरोग बरा झाल्यानंतर मागे राहणाऱ्या विकृतीत या तिन्ही प्रकारांची लक्षणे कमीअधिक प्रमाणात दिसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ साली चिरकारी अवरोधी फुप्फुसविकाराने जगात सु. ३५ लाख मृत्यू झाले. धूम्रपान हे त्याचे प्रमुख कारण असले, तरी भारतात ते एकमेव कारण नव्हे. लाकूडफाटा, शेणी व काटक्या यांवर चालणाऱ्या चुलीचा धूर वर्षानुवर्षे श्वासाबरोबर घेणाऱ्या आणि आयुष्यात कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांनाही हा विकार जडतो. कापूस पिंजण्याच्या व कातण्याच्या खात्यांतील तंतुमय धुळीमुळे गिरणी कामगारांना होणारा बिसिनोसिस हा मुंबईसारख्या कापडगिरण्यांच्या शहरांत परिचित असलेला व्यावसायिक रोग होय.

श्वसनातील यांत्रिक बिघाड : अंतःश्वसन (श्वास आत घेणे) ही स्नायूंनी करावयाची क्रिया आहे. छाती व उदर यांमधील घुमटाकार मध्यपटल आकुंचन पावून खाली सरकते, फासळ्या वर व बाहेर उचलल्या जातात आणि छातीची पोकळी वाढून हवा आत येते. शांत स्थितीतील उच्छ्वसनास (श्वास सोडण्यास) मात्र निरोगी माणसाला स्नायूंचे बळ जवळजवळ लागत नाही. ताणलेली लवचिक फुप्फुसे आपोआप मूळ आकाराकडे परततात व हवा बाहेर ढकलली जाते [→ श्वसन तंत्र].

वातस्फीतीत नेमका हा लवचिकपणा नाहीसा होतो. वायुकोशांच्या भित्ती लहान श्वासनलिकांना चोहोबाजूंनी ताणून उघड्या ठेवत असतात. या भित्ती नष्ट झाल्यावर श्वासनलिका आधारहीन होतात आणि जोराने श्वास सोडताच छातीतील वाढलेल्या दाबाने त्या मिटतात. परिणामी हवा आत जाते, परंतु पुरती बाहेर येत नाही. मागील श्वास बाहेर पडण्यापूर्वीच पुढील श्वास घेतला जातो व छातीत हवा साचत जाते. या अवस्थेस अतिस्फीती म्हणतात. छाती पूर्ण भरून घेऊन ती रिकामी न करता त्यावरच लहान लहान श्वास घेत राहिल्यास निरोगी माणसासही काही क्षणांतच गुदमरल्यासारखे होते. अवरोधी विकाराच्या रुग्णाची चालताना होणारी स्थिती साधारणपणे अशीच असते. अतिस्फीतीमुळे मध्यपटलाचा घुमट सपाट होतो व त्याचे बळ घटते. मग मान, खांदे व छातीचा वरचा भाग यांतील साहाय्यक स्नायूंना श्वसनाचा भार उचलावा लागतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. अशा रुग्णाला हवा अपुरी पडते असे वाटत असले, तरी त्याची मुख्य अडचण हवा आत घेण्याची नसून ती बाहेर सोडण्याची असते. धाप लागलेल्या माणसाला भोवतालची मंडळी सद्भावनेने ‘जोरात, खोल श्वास घ्या’ असे सांगतात. आधीच भरलेल्या छातीत आणखी हवा भरण्याचा हा प्रयत्न त्याची अडचण वाढवितो. ‘आधी श्वास सावकाश सोडा’ हा सल्ला त्याला अधिक उपकारक ठरतो.

श्वसनाच्या गतीचा परिणाम साध्या गणिताने दाखविता येतो. निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांत स्थितीत मिनिटाला सु. १२ ते १६ वेळा श्वास घेते व प्रत्येक वेळी सु. ५०० मिलि. हवा आत येते. त्यांपैकी सु. १५० मिलि. हवा नाक, घसा, श्वासनाल व मोठ्या श्वासनलिका यांतच राहते. तेथे रक्त व हवा यांमध्ये वायुविनिमय होत नसल्याने या जागेस निष्क्रिय अवकाश म्हणतात. मिनिटाला १५ वेळा प्रत्येकी ५०० मिलि. हवा घेतल्यास एकूण ७,५०० मिलि. हवेची ने-आण होते व त्यांतील ५,२५० मिलि. वायुकोशांपर्यंत पोहोचते. मिनिटाला ३० वेळा प्रत्येकी २५० मिलि. हवा घेतल्यासही एकूण ने-आण ७,५०० मिलि.च होते, पण वायुकोशांपर्यंत केवळ ३,००० मिलि. हवा पोहोचते. श्रम अधिक आणि लाभ कमी, असा हा व्यवहार होय. रोगग्रस्त फुप्फुसांत निष्क्रिय अवकाश वाढलेला असल्याने प्रत्यक्ष तोटा याहूनही मोठा असतो. शिवाय मिनिटाला ३० श्वास घेतल्यास प्रत्येक श्वासोच्छ्वासास २ सेकंद मिळतात. त्यांतील एक तृतीयांश वेळ अंतःश्वसनात गेल्यास उच्छ्वसनास सु. १·३ सेकंद उरतात. गती १५ वर आल्यास हाच अवधी सु. २·७ सेकंद होतो आणि साचलेली हवा बाहेर पडण्यास अवसर मिळतो.

धाप व भीती यांचे चक्र : धाप ही केवळ रक्तातील ऑक्सिजन कमी झाल्याची खूण नव्हे. श्वसनासाठी मेंदूने स्नायूंना दिलेली आज्ञा आणि प्रत्यक्षात आत आलेली हवा यांत तफावत पडली म्हणजे ही दुःखद संवेदना उत्पन्न होते. तिच्यामागोमाग भीती येते. भीतीने अनुकंपी तंत्रिका तंत्र (मज्जासंस्थेचा संकटाच्या वेळी शरीरास सज्ज करणारा भाग) उद्दीपित होऊन नाडी जलद चालते, खांदे वर उचलले जातात, मुठी आवळल्या जातात आणि श्वास उथळ व वेगवान होतो. ताणलेले स्नायू जास्त ऑक्सिजन वापरतात. वेगवान श्वसनाने हवा अधिकच साचते. धाप वाढते आणि भीती बळावते.

या चक्राचा दूरगामी परिणाम अधिक गंभीर असतो. एकदा जिन्यात किंवा रस्त्यात जीव घाबरल्याचा अनुभव आलेला रुग्ण जिना व रस्ता टाळू लागतो. हालचाल कमी झाल्याने पायांचे स्नायू दुर्बल होतात. दुर्बल स्नायू थोड्या श्रमानेही थकतात व पूर्वीपेक्षा कमी चालण्यानेही धाप लागते. अंगण, मग घर, मग खोली आणि अखेर खाट असा त्याच्या वावराचा परीघ आक्रसत जातो. फुप्फुसांच्या विकृतीत फारसा फरक पडलेला नसतानाही हे घडू शकते, म्हणूनच शिक्षणाने ते बऱ्याच अंशी टाळता येते. श्वसन व्यायाम व शिथिलन यांचे कार्यक्षेत्र नेमके हेच आहे.

इतिहास : लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली श्वसनमापक या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर फुप्फुसांची क्षमता मोजणे शक्य झाले. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) छातीस जखमा झालेल्या सैनिकांना श्वसनाचे व्यायाम देण्यात आले. पुढे छातीच्या शस्त्रक्रियांबरोबर भौतिकी चिकित्सेतही त्यांना स्थान मिळाले. अमेरिकन वैद्य व शरीरक्रियावैज्ञानिक एडमंड जेकबसन (१८८८–१९८३) यांनी स्नायू क्रमाक्रमाने आकुंचित व शिथिल करण्याची पद्धत विकसित केली व १९२९ मध्ये तीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मनीत योहानेस शुल्ट्स यांनी १९३२ साली आत्मसूचनेवर आधारलेली शिथिलनपद्धती मांडली.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वातस्फीतीच्या रुग्णाने श्रम टाळून विश्रांती घ्यावी, असाच सल्ला सामान्यतः दिला जाई. न्यूयॉर्कमधील वैद्य ॲल्व्हन बॅरक (१८९५–१९७७) यांनी १९५०च्या सुमारास या मताविरुद्ध ऑक्सिजनच्या साहाय्याने चालण्याचा सराव करविण्याचा पुरस्कार केला. डेन्व्हर येथे टॉमस पेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वसन व्यायाम, चालणे, औषधे व रुग्णशिक्षण यांची सांगड घालणारी योजना राबवून तिचे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध केले. आजच्या फुप्फुस-पुनर्वसन कार्यक्रमांचा पाया अशा प्रयत्नांनी घातला गेला.

भारतात प्राणायामाची परंपरा प्राचीन असली, तरी प्रयोगशाळेत तिचा अभ्यास विसाव्या शतकात सुरू झाला. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ साली लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगमीमांसा या नियतकालिकातून योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगांच्या आधारे मांडण्यास प्रारंभ केला.

श्वसन व्यायामांचे प्रकार : (अ) ओठ आवळून श्वास सोडणे : अवरोधी विकारांत ही सर्वांत उपयुक्त व शिकण्यास सोपी पद्धत आहे. कित्येक रुग्णांना ती न शिकविताच साधलेली असते. मान व खांदे सैल सोडून, तोंड मिटून नाकाने मनात दोन अंक मोजेपर्यंत नेहमीसारखा श्वास घ्यावा. नंतर शीळ घालताना करतात तसा ओठांचा चंबू करून चार अंक मोजेपर्यंत तो सावकाश सोडावा. समईची ज्योत न विझता केवळ हलत राहील इतकीच फुंकर असावी. गाल फुगवू नयेत व पोटाचा जोर लावून हवा बाहेर ढकलू नये. ओठांपाशी निर्माण झालेल्या अडथळ्यामुळे श्वासनलिकांतील दाब थोडा वाढलेला राहतो व त्या अकाली मिटत नाहीत. त्यामुळे हवा अधिक प्रमाणात बाहेर पडते, श्वसनाची गती घटते व प्रत्येक श्वासात येणारी हवा वाढते. दोन व चार हे अंक केवळ मार्गदर्शक आहेत. उच्छ्वसन अंतःश्वसनाहून लांब आणि तरीही सुखकर असणे हे महत्त्वाचे.

(आ) मध्यपटलीय श्वसन : यालाच सामान्य भाषेत पोटाने श्वास घेणे म्हणतात. गुडघे वाकवून अर्धवट रेलून बसावे. एक हात छातीवर व दुसरा बेंबीच्या वर ठेवावा. श्वास घेताना पोटावरील हात वर यावा व छातीवरील हात शक्यतो स्थिर राहावा. विकार सौम्य असताना व शस्त्रक्रियेनंतर या पद्धतीचा चांगला उपयोग होतो. मात्र अतिस्फीती तीव्र असलेल्या रुग्णांचे मध्यपटल आधीच सपाट झालेले असते. त्यांनी हट्टाने पोट फुगविल्यास श्वसनाचे श्रम व धाप वाढू शकते, असे अभ्यासांत आढळले आहे. अंतःश्वसनाच्या वेळी ज्यांच्या खालच्या फासळ्या बाहेर येण्याऐवजी आत ओढल्या जातात, त्यांना ही पद्धत शिकविण्याचा आग्रह धरू नये.

(इ) आधार देणाऱ्या शरीरस्थिती : धाप लागलेला माणूस आपोआप पुढे झुकतो, त्यास शास्त्रीय कारण आहे. पुढे झुकल्याने उदरातील इंद्रिये मध्यपटलास वर ढकलतात, त्याचा घुमट अंशतः परत येतो व त्याचे आकुंचन अधिक परिणामकारक होते. हातांना आधार मिळाल्याने छाती व खांदे यांमधील स्नायू फासळ्या उचलण्यास मोकळे होतात. खुर्चीवर बसून कोपरे मांड्यांवर टेकणे, मेजावर उश्या ठेवून त्यांवर हात व डोके विसावणे, उभे असताना भिंतीस पाठ टेकणे किंवा कठड्यावर अथवा ओट्यावर हात टेकून किंचित वाकणे, या स्थिती प्रसंगानुसार वापराव्यात. झोपताना पाठीमागे उश्यांचा उतार करून उंच कुशीवर पडल्याने रात्रीची धाप कमी होते. चेहऱ्यावर हातपंख्याचा वारा घेतल्यानेही पुष्कळांना आराम वाटतो. गाल व नाक यांच्या त्वचेस होणाऱ्या थंडाव्याच्या संवेदनेमुळे मेंदूस जाणवणारी धाप सौम्य होते.

(ई) श्वास व हालचाल यांची सांगड : श्रमाचा भाग उच्छ्वसनाबरोबर व तयारीचा भाग अंतःश्वसनाबरोबर करावा, हा येथील मूलभूत नियम होय. जिना चढताना पायरीवर थांबून श्वास घ्यावा आणि ओठ आवळून तो सोडत एक किंवा दोन पायऱ्या चढाव्यात. बादली किंवा कळशी उचलताना श्वास सोडत उचलावी. श्रम करताना श्वास रोखून धरण्याची पुष्कळांना सवय असते. ती प्रयत्नपूर्वक मोडावी लागते. हात खांद्यांच्या वर नेऊन करावयाची कामे (उदा., केस विंचरणे, दोरीवर कपडे वाळत घालणे, फळीवरील डबा काढणे) साहाय्यक स्नायूंना श्वसनापासून दूर ओढतात, म्हणून ती विशेष धाप आणतात. कोपरे टेकून केस विंचरणे, दोरी खाली बांधणे, नित्याचे डबे कमरेच्या उंचीवर ठेवणे अशा साध्या फेरबदलांनी पुष्कळ श्रम वाचतात. उकिडवे किंवा ओणवे होऊन केलेल्या केरवाऱ्यात व कपडे धुण्यात पोटावर दाब येऊन मध्यपटलाची हालचाल अडते. अशा वेळी लांब दांड्याचा झाडू वापरावा, स्नान स्टुलावर बसून करावे आणि कणीक ओट्यापाशी उंच आसनावर बसून मळावी.

(उ) कफनिःसारण : कफ अधिक असणाऱ्या विकारांत केवळ खोकत राहिल्याने रुग्ण थकतो व दुर्बल श्वासनलिका मिटून कफ आतच अडकतो. त्याऐवजी काही वेळ शांत श्वसन, मग तीन-चार सावकाश व खोल श्वास आणि त्यानंतर तोंड व कंठ उघडे ठेवून आरशावर वाफ धरताना करतात तसा ‘हा’ असा एक-दोन वेळा जोरकस उच्छ्वास, या क्रमाची आवर्तने करतात. श्वासनलिका-विस्फारात रोगग्रस्त भाग वर येईल अशा रीतीने रुग्णास निजवून गुरुत्वाकर्षणाच्या साहाय्याने कफ मोठ्या श्वासनलिकेत आणता येतो. जेवणानंतर लगेच हा उपाय करू नये.

तीन चेंडू असलेले, श्वास ओढून चेंडू वर उचलण्याचे उपकरण मूलतः शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसांचा तळाकडील भाग मिटून राहू नये म्हणून वापरतात. ते अंतःश्वसनाचे साधन असल्याने अवरोधी विकारांत वरील पद्धतींची जागा ते घेऊ शकत नाही.

संकोची विकारांत फुप्फुसे ताठर असल्याने उथळ व जलद श्वास हीच शरीराने शोधलेली कमी श्रमाची पद्धत असते आणि हवा साचण्याचा प्रश्न सहसा नसतो. अशा रुग्णांस दीर्घ उच्छ्वसनाचा आग्रह न धरता गती थोडी संथ करणे, हालचालींचे नियोजन, आवश्यकतेनुसार ऑक्सिजन व शिथिलन यांवर भर देतात.

शिथिलनाच्या पद्धती : जेकबसन पद्धतीत एकेक स्नायुगट सु. ५ ते ७ सेकंद आवळून धरतात व नंतर २० ते ३० सेकंद पूर्ण सैल सोडतात. मुठी, दंड, खांदे, चेहरा, पोट, मांड्या व पावले असा क्रम सामान्यतः ठेवतात. ताण व सैलपणा यांतील भेद एकदा ओळखता आला म्हणजे ताण कोठे साठला आहे हे रुग्णाला स्वतःच कळू लागते. फुप्फुसविकारांत या पद्धतीत दोन फेरबदल आवश्यक असतात. स्नायू आवळताना श्वास रोखू नये आणि छातीचे स्नायू जोराने आवळू नयेत. फार अशक्त रुग्णांनी आवळण्याचा भाग वगळून स्नायू केवळ सैल सोडावेत.

शवासन हा शिथिलनाचा भारतीय व सर्वपरिचित प्रकार होय. मात्र उताणे निजल्याने पुष्कळ रुग्णांना धाप लागते. त्यांनी ते आरामखुर्चीत, किंवा पाठ व गुडघ्यांखाली उश्या घेऊन करावे. आसनाचा आकार दुय्यम असून अवयवांचा सैलपणा हे त्याचे मर्म आहे. मनातल्या मनात एखादा शब्द किंवा नाम उच्छ्वसनाबरोबर संथपणे घेणे, परिचित शांत स्थळाचे स्मरण करणे व संथ संगीत ऐकणे हेही उपाय वापरतात.

शिथिलनाचा सराव धाप नसताना, रोज ठराविक वेळी १५ ते २० मिनिटे करावा. धाप लागल्यावर ते प्रथमच करू पाहणारा रुग्ण बहुधा अपयशी ठरतो. पुरेशा सरावानंतर खांदे खाली सोडणे व एक दीर्घ उच्छ्वास एवढ्या खुणेनेही शरीर सैल पडू लागते. ऐन धापेच्या वेळी पुढील क्रम उपयोगी पडतो : थांबावे, टेकावे, पुढे झुकावे, खांदे सोडावेत, श्वास मोजू न जाता ओठांतून सोडावा, आणि घाई ओसरल्यावर हळूहळू तो लांबवावा. कुटुंबीयांनी भोवती गर्दी न करता शेजारी बसून स्वतः संथ उच्छ्वास करून दाखविल्यास रुग्णाला लय सापडते. वैद्याने सांगून ठेवलेले तातडीचे औषध मात्र वेळेवर द्यावे.

प्राणायाम : पूरक, कुंभक व रेचक यांचे परंपरेने सांगितलेले १ : ४ : २ हे प्रमाण प्रसिद्ध आहे. त्यातील रेचक पूरकाच्या दुप्पट असणे हे तत्त्व अवरोधी विकारांतील दीर्घ उच्छ्वसनाशी जुळते. परंतु कुंभक (श्वास रोखणे) या रुग्णांनी वगळावा. उज्जायीत कंठद्वार अंशतः संकुचित केल्याने उच्छ्वसनास होणारा सौम्य अडथळा ओठ आवळण्यासारखाच असतो. भ्रामरी व ओंकाराचा दीर्घ उच्चार यांतही रेचक आपोआप लांबतो. भस्त्रिका व कपालभाती यांतील वेगवान, जोरकस श्वसनाने मात्र श्वासनलिका मिटणे, हवा साचणे व भोवळ येणे संभवते. वातस्फीतीत फुप्फुसांवर पातळ भित्तीचे मोठे फुगे झाले असल्यास ते फुटून वातवक्ष (फुप्फुसावरणाच्या पोकळीत हवा शिरणे) होण्याचाही धोका मानला जातो. म्हणून निरोगी साधकांच्या वर्गातील क्रम या रुग्णांनी जसाच्या तसा उचलू नये.

परिणामकारकता व मर्यादा : चिरकारी अवरोधी फुप्फुसविकारातील श्वसन व्यायामांविषयीच्या १६ चाचण्यांचा व १,२३३ रुग्णांचा साकल्याने आढावा घेणारी समीक्षा २०१२ साली प्रसिद्ध झाली. ४ ते १५ आठवड्यांच्या सरावानंतर रुग्णांचे सहा मिनिटांत चालून जाण्याचे अंतर, व्यायाम न केलेल्यांच्या तुलनेने, सु. ३५ ते ५० मी.नी वाढल्याचे तीत आढळले. प्राणायामयुक्त योग, ओठ आवळून श्वसन व मध्यपटलीय श्वसन या तिन्हींत अशी वाढ दिसली. धाप व एकूण जीवनमान यांवरील परिणाम मात्र सर्व चाचण्यांत सारखे नव्हते. पायांच्या व हातांच्या व्यायामांचा नियमित कार्यक्रम चालू असलेल्यांना त्यात केवळ श्वसन व्यायामांची भर घालून फारसा वेगळा लाभ झाल्याचेही दिसले नाही. याउलट सर्वांगीण फुप्फुस-पुनर्वसनाविषयीच्या ६५ चाचण्यांच्या २०१५ मधील समीक्षेत धाप, थकवा, चालण्याची क्षमता व जीवनमान या सर्वांतच निश्चित सुधारणा आढळली. यावरून श्वसन व्यायाम हे चालण्याचा पर्याय नसून चालू लागण्याचे साधन आहे, असे म्हणता येते. धापेवर आपला काही ताबा आहे हा विश्वास आला, तरच रुग्ण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतो. ज्या गावात पुनर्वसन केंद्र नाही, तेथेही एवढे साधणे शक्य असते. त्यास उपकरण लागत नाही. जाणकाराचे काही दिवसांचे मार्गदर्शन व रोजचा सराव पुरतो.

दक्षता : हे उपाय श्वासनलिका रुंद करणारी श्वासावाटे घ्यावयाची औषधे, धूम्रपानाचा त्याग, धुराविना स्वयंपाकाची सोय, प्रतिबंधक लशी व आवश्यक तेथे ऑक्सिजन यांना पूरक आहेत, त्यांच्याऐवजी ते योजू नयेत. सराव रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर निदान दोन तासांनी करावा. एका वेळी ५ ते १० मिनिटांचा सराव दिवसातून दोन-तीन वेळा पुरेसा होतो. भोवळ, हातापायांस मुंग्या किंवा वाढती धाप जाणवल्यास थांबून नेहमीचे श्वसन करावे. ज्यांना ऑक्सिजन घेण्यास सांगितले आहे, त्यांनी सरावाच्या वेळीही तो चालू ठेवावा. कोविड-१९ च्या साथीपासून (२०२०) पुष्कळ घरांत आलेले पल्स ऑक्सिमीटर रक्तातील ऑक्सिजनाची कल्पना देते. परंतु धाप व त्यावरील अंक यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही, म्हणून सारखे त्याकडे पाहत राहून चिंता वाढवू नये.

थुंकीतून रक्त पडणे, नुकताच झालेला वातवक्ष, अलीकडे आलेला हृदयविकाराचा झटका, चालू ताप किंवा संसर्गजन्य क्षयरोग असताना वैद्याच्या संमतीशिवाय हे व्यायाम करू नयेत. विश्रांतीने व नेहमीच्या औषधाने न शमणारी धाप, ओठ व नखे निळसर होणे, छातीत अचानक वेदना, कफाचा रंग बदलून त्याचे प्रमाण वाढणे, असंबद्ध बोलणे किंवा गुंगी येणे ही लक्षणे विकार बळावल्याची निदर्शक होत. गुंगी हे विशेष धोक्याचे चिन्ह आहे. ती रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचल्यामुळे येऊ शकते आणि तिला शिथिलनाची शांतता समजण्याची चूक होण्याचा संभव असतो. अशा वेळी व्यायाम करीत न बसता रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.